नाराज, निराश की हिरमुसलेले? मन मोडण्याच्या मराठी शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी मी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून नेरुळची लोकल पकडते. तिथे एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मोठ्या माणसांचा मराठीचा वर्ग घेते. अर्धे जण बदलीवर नवी मुंबईत आलेले, बाकीचे इथेच वाढलेले पण इंग्रजी माध्यमातले. घरी मराठी फडाफड बोलतात आणि दोन ओळींचा अर्ज लिहायची वेळ आली की हात आखडतो. आनंदाचे शब्द त्यांना येतात, रागाचेही येतात. गाडी अडते ती अध्येमध्ये, जिथे राग नाही पण मनासारखंही झालेलं नाही. त्या जागेवरचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नाराज, निराश, हिरमुसलेला, सगळ्यांचा अर्थ एकच ना? कुठलाही वापरला तर काय बिघडतं?

एकच नाही. वर्गात मी आधी उलट प्रश्न विचारते: बोट कुणाकडे दाखवताय? माणसाकडे असेल तर नाराज. उत्साहाने एखाद्या गोष्टीसाठी निघालात आणि तीच झाली नाही, तर हिरमोड. पुढेही काही होईल असं वाटेनासं झालं, तर निराश. आणि बोट स्वतःकडेच वळत असेल तर खंत.

माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने हे चारही शब्द मला एका सकाळीत समजावून दिले. त्याला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो बघायचे होते. मी त्याला नेरुळच्या डीपीएस तलावावर घेऊन गेले, पण जूनच्या मध्यात. हे पक्षी हिवाळ्यात येतात आणि पाऊस तोंडावर आला की निघून जातात. तिथे चिखल, तीन-चार बगळे आणि सकाळी चालायला आलेली मंडळी, एवढंच होतं. गळ्यातली प्लास्टिकची दुर्बीण त्याने एकदा डोळ्याला लावली, मग काढली आणि न बोलता माझ्या पिशवीत ठेवून दिली. हा हिरमोड. त्याचं तोंड एवढंसं झालं, म्हणजे तो हिरमुसला. स्टेशनवर आल्यावर त्याने विचारलं, "मावशी, तुला माहीत नव्हतं?" आता तो माझ्यावर नाराज होता. घरी पोचल्यावर आईला सांगत होता, "मला ते कधीच दिसणार नाहीत." ही निराशा. सहाव्या वर्षीची निराशा आइस्क्रीमपर्यंतच टिकते, तरी शब्द तोच. आणि घरून निघण्याआधी कुणाला तरी एक फोन करायला हवा होता, ही खंत माझी.

"मी हिरमोड झालो" हे बरोबर आहे का?

नाही. हिरमोड "माझा" होतो. माझा हिरमोड झाला, तिचा हिरमोड झाला. अपेक्षाभंग, विरस, भ्रमनिरास हेही तसेच: माझा अपेक्षाभंग झाला. निराशा मात्र "माझी" होते. नाराज आणि निराश ही विशेषणं आहेत, तिथे "मी" चालतो: मी नाराज आहे, मी निराश झाले. आणि हिरमुसणं हे क्रियापदच आहे, म्हणून "मी हिरमुसलो" बिनधास्त म्हणा.

आणखी एक खोच. नाराज माणूस कुणा*वर* तरी असतो आणि कशा*बद्दल* तरी असतो. "मी तुझ्याशी नाराज आहे" हे हिंदीच्या वाटेने आलेलं मराठी आहे. तुझ्यावर नाराज, तुझ्या वागण्याबद्दल नाराज. "तुझ्याशी" हवंच असेल तर "तुझ्याशी अबोला धरलाय" म्हणा, त्यात मजाही जास्त आहे.

तक्रारीच्या मेलमध्ये "आम्ही अत्यंत निराश झालो आहोत" असं लिहू का?

लिहू नका. आमच्या ठाण्याच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट सारखी बंद पडत होती. सेक्रेटरीकाकांनी देखभाल करणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवलं. पहिलंच वाक्य: "आपल्या सेवेमुळे आम्ही सर्व रहिवासी अत्यंत निराश झालो आहोत." वाचताना माझ्या डोळ्यांपुढे बत्तीस फ्लॅटमधली माणसं अंधारात डोक्याला हात लावून बसलेली आली. निराश माणूस काही मागत नाही, त्याने आशाच सोडलेली असते. तक्रार करणाऱ्याची आशा शाबूत असते, म्हणून तर तो पत्र लिहितो.

आम्ही ते असं बदललं:

"गेल्या दोन महिन्यांत लिफ्ट चार वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी झालेली दुरुस्ती समाधानकारक नव्हती. ज्येष्ठ रहिवाशांना सहा-सहा मजले चढून जावं लागलं. याबद्दल रहिवाशांमध्ये तीव्र नाराजी आहे. येत्या आठ दिवसांत कायमची दुरुस्ती करावी."

इथे "समाधानकारक नाही" हे कामाला लागतं आणि "नाराजी" माणसांना. कार्यालयीन मराठीत या शब्दांच्या साधारण पायऱ्या आहेत. "समाधानकारक नाही" ही सर्वात खालची, सभ्य पायरी. मग "असमाधान व्यक्त करतो". मग "नाराजी", मग "तीव्र नाराजी". त्याच्या वर "निषेध", पण तो मोर्चासाठी राखून ठेवा. लिफ्टच्या पत्रात जाहीर निषेध आला की वाचणाऱ्याला हसू येतं आणि काम मागे पडतं.

काकांना "तीव्र" शब्द फार आवडला. हल्ली पाण्याची टाकी धुवायच्या नोटिशीतही तो दिसतो.

हॉटेलच्या रिव्ह्यूमध्ये "जेवणाने निराशा केली" असं म्हटलं तर?

चुकीचं नाही, क्रिकेटच्या बातम्यांत तर "फलंदाजांनी घोर निराशा केली" हे रोजचं वाक्य आहे. पण जेवणाबद्दल मराठी माणूस असं बोलत नाही. तो म्हणतो: "नाव ऐकून गेलो होतो, पण काही खास नाही." "चव नव्हती." "मिसळीचा कट नुसताच तिखट." "पूर्वीसारखं राहिलं नाही." हे शेवटचं वाक्य तर ठाण्यातल्या प्रत्येक जुन्या खाण्याच्या ठिकाणाबद्दल कुणीतरी कुठेतरी रोज म्हणत असतंच, मग चव बदललेली असो वा नसो.

मराठी माणूस थेट नापसंती सांगत नाही म्हणतात. मग ओळखायची कशी?

हा प्रश्न मला सर्वात आवडतो, कारण याचं उत्तर कोशात सापडणार नाही. आमच्याकडे निम्मी नापसंती "च" आणि "आपलं" या दोन चिमुकल्या शब्दांत राहते.

लग्नाचं जेवण करून आलेल्या काकूंना विचारा, "जेवण कसं होतं?" उत्तर "छान होतं" आलं तर छान होतं. "बरं होतं" आलं तर बेताचं होतं. "ठीकच होतं" म्हणजे भात कच्चा होता. "जेवलो आपलं" म्हणजे घरी येऊन पिठलं टाकायचा विचार चालू आहे. आणि नुसतंच "होतं" एवढं बोलून काकू साडीची घडी घालायला लागल्या, तर पुढे काही विचारू नका. त्यांच्याकडे सांगण्यासारखं एवढं आहे की जिलेबीपासून सुरुवात करून मुलाकडच्यांच्या मानपानापर्यंत जाईल.

"असू दे" आणि "राहू दे" यांनाही जपा. सासूबाईंना विचारलं, "आई, तुमच्यासाठी चहा करू?" आणि त्या म्हणाल्या, "राहू दे, मी करून घेते," तर सकाळी काहीतरी खटकलेलं आहे. वर्गातल्या एका तमिळ बाईंनी मला विचारलं होतं, "मग मी चहा करायचा की नाही?" करायचा. आणि काही न बोलता समोर नेऊन ठेवायचा.

"चालेल" हा शब्द ऑफिसात संमतीचा असतो. बायकोच्या तोंडी, खालच्या पट्टीत, तो नाराजीचा असतो. लिहून शिकवता येत नाही, ऐकावं लागतं.

रुसणं आणि नाराज होणं यात काय फरक आहे?

रुसण्यात आपुलकी असते. समजूत काढायला कुणी येईल याची खात्री असल्याशिवाय माणूस रुसत नाही. बँकेवर कुणी रुसत नाही, बँकेबद्दल नाराजी असते. मूल आईवर रुसतं, विहीण वरातीत रुसते, मैत्रीण वाढदिवसाला फोन आला नाही म्हणून रुसते. नुसती रुसत नाही, फुगतेही, म्हणून जोडशब्दच तयार झालाय: रुसवेफुगवे.

महाराष्ट्रातला सर्वात प्रसिद्ध रुसवा रखुमाईचा. ती द्वारकेहून रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव पंढरपूरला आला, अशी कथा आहे. पंढरपुरात तिचं देऊळ विठ्ठलाच्या देवळामागे वेगळं आहे, ते या रुसव्यामुळेच, असं वारकरी घरांतून सांगतात. इथे "रखुमाई नाराज होऊन गेली" असं म्हणून बघा, कथेतला सगळा जीव जातो. नाराज झालेल्याला पत्राने उत्तर देता येतं, रुसलेल्याच्या मागे जावंच लागतं.

वर्तमानपत्रांनी मात्र दोन्ही शब्द राजकारणाला लावून टाकले आहेत. मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की "नाराज आमदार", "नाराजीनाट्य", "रुसवेफुगवे सुरू" हे मथळे ठरलेले. बातमीदाराने आमदाराला "रुसलेला" म्हटलं की त्यात चिमटा असतो, आमदारालाही तो कळतो.

भ्रमनिरास की भ्रमनिराश?

भ्रमनिरास. शेवटी स. वर्गात दहापैकी आठ जण श लिहितात, कारण त्यांना त्यात निराशा ऐकू येते. पण तिथे निराशा नाहीच. "निरास" म्हणजे दूर करणं, घालवणं, जसं "शंकानिरसन". भ्रम दूर झाला, तो भ्रमनिरास. खरं तर ही चांगली गोष्ट म्हणायला हवी, डोळे उघडले की! पण भ्रम गोड होता म्हणून दुखतं.

मग अपेक्षाभंग आणि भ्रमनिरास यात फरक काय?

अपेक्षाभंगात तुमची मागणी योग्य होती आणि ती पुरी झाली नाही. भ्रमनिरासात तुमची समजूतच चुकीची होती. फ्लॅटचा ताबा वेळेवर मिळाला नाही, अपेक्षाभंग. माहितीपत्रकात खिडकीतून खाडी दिसत होती आणि प्रत्यक्षात समोरच्या टॉवरचे एसी दिसतात, भ्रमनिरास. घोडबंदर रोडला घर बघणाऱ्या माणसाच्या नशिबी एका दिवसात दोन्ही येऊ शकतात, शिवाय वाटेत वैताग.

वैताग म्हणजे?

थकवा आणि चीड यांची खिचडी. "वैताग आणलाय नुसता." ट्रॅफिक, कस्टमर केअर आणि शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप यांच्यासाठी हा शब्द आहे. वैताग "येतो", माणूस "वैतागतो". तेच तेच करून नको झालं तर "वीट" येतो. त्या वीटचा बांधकामाच्या विटेशी संबंध नाही; ही "वीट आली" नाही, हा "वीट आला".

हिरमोड, विरस आणि रसभंग एकमेकांच्या जागी चालतात का?

नाट्यगृहाचं उदाहरण घ्या. १९७८ पासून ठाणेकर गडकरी रंगायतनात नाटकं बघत आले आहेत, तेव्हा चित्र डोळ्यांपुढे आणणं सोपं. तुम्ही नटूनथटून, गजरा माळून तलावपाळीला पोचलात आणि प्रयोग रद्द झाल्याची पाटी दिसली, तर हिरमोड. प्रयोग रंगलाय, रंगमंचावर शांतता आहे आणि तुमच्या मागच्या रांगेत मोबाइलवर आरती वाजली, तर रसभंग. प्रयोग झाला, पण पूर्वी ज्या नटाची ती भूमिका बघितली होती त्याची सर नव्या नटाला आली नाही आणि तुम्ही मध्यंतरात वडा खाताना गप्प आहात, तर विरस. विरसात गोष्ट घडते, पण गोडी उतरते. बोलताना लोक विरस आणि हिरमोड मिसळतात, त्याला माझी हरकत नाही. रसभंग मात्र मिसळू नका, त्याला आधी रंगात आलेलं काहीतरी लागतं.

"लेट डाउन केलं" याला मराठी काय? कुणीतरी ऐनवेळी दगा दिला तर?

एक शब्द नाही, आणि नाही तेच बरं. कसं सोडलं त्यावर मराठीत वेगवेगळे वाक्प्रचार आहेत आणि त्यांतला नेमका सापडला की अर्धं दुःख कमी होतं.

आमच्या बिल्डिंगच्या कोजागिरीचं सांगते. दोनशे माणसांच्या मसाला दुधाची आणि भेळेची जबाबदारी एका केटररने घेतली होती. आगाऊ पैसेही घेतले. दुपारी चार वाजता त्याचा फोन: "ताई, आज जमणार नाही, माणसं नाहीत." याला म्हणायचं *ऐनवेळी हात वर केले*. आदल्या रात्रीपर्यंत "काळजीच करू नका" म्हणत होता आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर मागे सरला, म्हणून *कच खाल्ली* असंही म्हणता येईल. पण कच खाण्यात धैर्य कमी पडलेलं असतं, हात वर करण्यात जबाबदारी झटकलेली असते. मी त्याच्या भरवशावर सगळ्या बिल्डिंगला "दूध सात वाजता" असा मेसेज टाकला होता. म्हणजे त्याने मला *तोंडघशी पाडलं*. चारचौघांत माझी मान खाली गेली, ही या वाक्प्रचाराची अट आहे. एकट्यात कुणी तोंडघशी पडत नाही. आगाऊ पैसे परत मागितले तर "पुढच्या कार्यक्रमात वळते करू" म्हणाला. ही *तोंडाला पानं पुसली*. आशा दाखवून हाती काहीच न देणं, तेही गोड बोलून.

शेवटी दोन मजल्यांवरच्या बायकांनी घरोघरची पातेली काढली, आणि दूध झालं. जरा करपलं होतं. कुणी बोललं नाही, "छान आहे *हं*" म्हणाले. तो "हं" आता तुम्हाला कळेल.

मित्राने सिनेमाला येतो सांगून टाळलं तर "टांग दिली". मोठी फसवणूक असेल, जवळच्याने केलेली असेल, तर "विश्वासघात" किंवा "केसाने गळा कापला". ते जपून वापरा, केटररसाठी खर्च करू नका.

एखादा माणूस कायमचा आवडेनासा झाला तर?

"तो माझ्या मनातून उतरला." या वाक्यात आवाज चढत नाही, शिवी नाही, तरी ते फार जड आहे. नाराजी दूर करता येते, रुसवा काढता येतो. मनातून उतरलेल्याला परत चढता येत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, हे वाक्य समोरच्याला तोंडावर ऐकवू नका. तसंही ते तिसऱ्याजवळच बोललं जातं, तेही बऱ्याच वर्षांनी.

"मन मोडलं" हे त्याच्या आधीचं. "मन विटलं" हे रोजच्या कटकटीचं. "मन खट्टू झालं" हे सर्वात हलकं, पावसाने पिकनिक बुडाली एवढ्यापुरतं.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" हे वडीलधाऱ्यांना म्हणावं का?

नको. हे वाक्य वरून खाली येतं: शिक्षकाकडून विद्यार्थ्याला, बापाकडून मुलाला, साहेबाकडून हाताखालच्याला. खालून वर गेलं की उद्धट होतं. काकांना, आत्याला, बॉसला सांगायचं असेल तर "मला जरा वाईट वाटलं" पुरेसं आहे. त्यातला "जरा" काढू नका. आणखी मऊ हवं तर "मला वाटलं होतं तुम्ही याल." वाक्य तिथेच सोडायचं, बाकीचं समोरचा आपोआप पुरं करतो.

खंत, हळहळ, चुटपुट, रुखरुख यांतला कुठला मोठा, कुठला लहान?

चुटपुट सर्वात लहान. डोळ्यांदेखत लोकल गेली आणि दार हातभर लांब होतं. चुटपुट घरी पोचेपर्यंत विरते. रुखरुख लांबते आणि टोचत राहते: आजारी मावशीला भेटायला जायचं राहिलं, रोज आठवतं. हळहळ बहुधा दुसऱ्यासाठी, चांगला खेळणारा मुलगा शेवटच्या फेरीत बाद झाला की सगळे हळहळतात. खंत मोठी. तिच्यात स्वतःचा हिशेब असतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते. आजोबांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला नाही ही खंत.

चारही स्त्रीलिंगी, चारही "वाटते" किंवा "लागते". चुटपुट लागते, रुखरुख लागून राहते, खंत वाटते.

असंतुष्ट, असमाधानी आणि अतृप्त?

असमाधानी म्हणजे ज्याचं समाधान होत नाही, आणि ही कधी कधी चांगली खोड असते: "कलाकाराने असमाधानी असावं" असं म्हणतात. असंतुष्टाला जवळपास नेहमी गट असतो. पक्षात असंतुष्ट असतात, सोसायटीच्या कमिटीतही असतात, पार्किंगची सोडत निघाली की दुसऱ्या दिवशी मोजता येतात. नाम झालं की शब्द आणखी मोठा होतो. असंतोष एकट्याचा फारसा नसतो, तो जनतेत पसरतो. लोकमान्य टिळकांना इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने "भारतीय असंतोषाचे जनक" ठरवलं ते दूषण म्हणून. टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले. पण मराठी शाळेतल्या निबंधांनी ते दूषण बिरुदासारखं मिरवलं आणि चिरोल कोण हेसुद्धा कुणाला आठवत नाही. "भारतीय नाराजीचे जनक" म्हणून बघा, कसं वाटतं!

अतृप्त शब्द भुकेचा, तहानेचा आणि भुताचा. तिसऱ्यांदा ताटात आमरस घेणाऱ्या भावाला "अतृप्त आत्मा" म्हणायला हरकत नाही.

स्टेशनवर "आम्ही दिलगीर आहोत" म्हणतात, तेव्हा ते दुःखी असतात का?

शब्दाच्या मुळाप्रमाणे असायला हवेत. दिलगीर हा फारसी शब्द, दिल म्हणजे मन. मन खिन्न झालेला तो दिलगीर. मराठीत येऊन त्याने कार्यालयात नोकरी धरली आणि आता तो फक्त क्षमेच्या कामाला येतो. "प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे ऐकून कुणाला घोषणा करणाऱ्याची कीव येत नाही. माफीपेक्षा दिलगिरी एक पायरी दूरची: माफी मागतात, दिलगिरी व्यक्त करतात. माफीत चूक कबूल असते, दिलगिरीत ती असेलच असं नाही. म्हणून संस्थांना दिलगिरी आवडते.

नाराज आणि नाखूष हेही बाहेरून आलेले. "ना" हा फारसी नकार, राजीच्या मागे अरबी. आता त्यांना परकं कोण म्हणेल? नाखूषचं एक लक्षात ठेवा: पुढे प्रत्यय लागला की ऊ ऱ्हस्व होतो, "नाखुषीने तयार झाला".

निराशा आणि नैराश्य एकच का?

रोजच्या बोलण्यात लोक एकच मानतात, पण हल्ली नैराश्य हा शब्द आजारासाठी वापरला जातो आणि तो तिथेच राहू द्यावा. सोडतीत घर लागलं नाही ही निराशा. आठवडेच्या आठवडे झोप, भूक आणि कशातलंही मन गेलं असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि तिथे शब्दाची नाही, डॉक्टरांची गरज आहे. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

हताश हा निराशच्याही पुढचा. हत म्हणजे मारलेली. निराशाला आशा उरलेली नसते, हताशाची आशा मारली गेलेली असते. "हताश होऊन बसला" म्हणताना माणूस बसलेलाच दिसतो, उभा दिसत नाही.

या भावनेच्या म्हणी सांगा, परीक्षेला नाही, बोलण्यात वापरायला.

तीनच सांगते, ज्या मी खरोखर दर आठवड्याला ऐकते. "डोंगर पोखरून उंदीर काढला": तीन तासांच्या मीटिंगनंतर. "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं": दोन नोकऱ्यांच्या ऑफरमध्ये घोळ घालणाऱ्याबद्दल. "दुधाची तहान ताकावर": वाशीत घर हवं होतं, खिशाने उलव्याला नेलं. ही तिसरी म्हण स्वतःबद्दलच बोला. दुसऱ्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला कुणीतरी हे म्हणालेलं मी ऐकलंय, यजमानीणबाईंचं तोंड बघवत नव्हतं.

"पोपट झाला" आणि "पचका झाला" हे असभ्य आहेत का?

असभ्य नाहीत, कट्ट्यावरचे आहेत. मोठ्या ऐटीत काहीतरी करायला गेलात आणि सगळ्यांसमोर फसलं, की पोपट होतो. हिरमोडावर सहानुभूती मिळते, पोपटावर हशा. पचका त्याचा थोरला भाऊ. "डिसअपॉइंट झालो", "मूड ऑफ झाला" हेही माझ्या वर्गात चालतं, मी स्वतः म्हणते.

मग ऑफिसच्या मेलमध्ये "आमचा पोपट झाला" लिहू का?

क्लायंटला नको. टीमच्या ग्रुपवर लिहा, पण पोपट तुमचाच असेल तर. साहेबांचा झाला असेल तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा.